कुशाबा फाइल वापरत आहेत

लालबागच्या आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्या मंगळवारी एवढी गर्दी लोटली होती, की गॅलरीचा कठडा कुरकुरायला लागला. रांग थेट जिन्याखाली नळापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात नारळ, आणि बऱ्याच जणांच्या काखेत एकेक जिवंत कोंबडा. माणसं दबक्या आवाजात बोलत होती, कोंबडे मोकळ्या गळ्याने. एखाद्या देवळाचा गाभारा उघडायची वाट बघत असल्यासारखे सगळ्यांचे चेहरे भाविक झाले होते. पण आत देव नव्हता, सर्व्हर होता.

सर्व्हर म्हणजे करड्या रंगाचा पत्र्याचा खोका. त्याला झेंडूचा हार घातला होता, कपाळ समजून वरच्या कडेला कुंकू लावलं होतं आणि हवा जायच्या भोकांत उदबत्त्या खोचल्या होत्या. खोका आतल्या आत गुरगुरत होता. रांगेतल्या बायका ती गुरगुर ऐकून हात जोडत होत्या. मला तर त्या खोक्याचीच दया येत होती.

मी सुभद्रा. परळच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होते, म्हणून सगळं गिरणगाव मला अजून सिस्टर म्हणतं. निवृत्त झाल्यावर मी वधूवर सूचक मंडळाची चिटणीस झाले. हे मंडळ काढलं कुशाबांनी. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. संपात गिरण्या बंद पडल्या, घरोघरची लग्नं अडली, तेव्हा हा माणूस दारोदार फिरला. म्हणायचा, "संप मिटेल तेव्हा मिटेल, पोरांची वयं कुठे थांबतायत?" पत्रिका तो कधी बघत नसे. मुलगा-मुलगी समोरासमोर बसवायचा, चहा मागवायचा आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभा राहायचा. अशी कितीतरी लग्नं त्याने लावली आणि ती टिकलीही.

कुशाबा गेले ते माझ्यासमोर. त्यांच्या नाकावरचा मास्क मीच काढला. त्यामुळे हा माणूस परत येणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंकेला जागा नव्हती, आणि तो आता खोक्यात बसलाय असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं.

कॉम्प्युटर त्यांनीच आणले होते. फोर्टातल्या कुठल्याशा कंपनीने जुने मोडीत काढले, ते यांनी मागून घेतले. सगळ्या मुलामुलींची माहिती एका मोठ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल सर्व्हरमध्ये. सर्व्हरला तारांनी तीन कॉम्प्युटर जोडलेले. तिघांपैकी कुणीही आपल्या टेबलावर बसून तीच फाइल उघडायची. मंडळाच्या बाहेरच्या खोलीत एक शिवाचा, एक शिवा घरी गेल्यावर नोंदी घालायला येणाऱ्या मीराबाईंचा, आणि आतल्या खोलीत पडद्यामागे कुशाबांचा. कुशाबा गेल्यापासून त्यांच्या कॉम्प्युटरशेजारी त्यांचा फोटो ठेवला होता आणि त्या टेबलाला कुणी हात लावत नसे.

चमत्कार घडला तो कुशाबांच्या वर्षश्राद्धाला. मी गॅलरीत केळीची पानं पुसत होते, एवढ्यात बाहेरच्या खोलीतून शिवाची किंकाळी आली.

"सिस्टर! ओ सिस्टर! कुशाबा आलेत! आईशप्पथ, फाइल उघडून बसलेत!"

शिवा आमचा टायपिस्ट, दोन पोरांचा बाप, पण घाबरला की त्याचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा निघतो. मी जाऊन बघते तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकोनी पाटी आलेली. इंग्रजीत लिहिलं होतं. शिवाने मराठी करून सांगितलं, "ही फाइल कुशाबा वापरत आहेत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून पडदा सारून मीराबाई धावत आल्या. "काय झालं? कोण पडलं?"

शिवाने पुन्हा फाइल उघडून बघितली. या वेळी ती निमूट उघडली.

"गेले!" शिवा मटकन खाली बसला. "मीराबाई, तुमी आलात नि ते गेले!"

मीराबाईंचा चेहरा पांढरा पडला, पण त्या काही बोलल्या नाहीत. पुढे आठवडाभर ती पाटी अधूनमधून येतच राहिली. पाटी आली की शिवा उभा राहायचा, नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "साहेब कामात आहेत, नंतर बघू." चाळीत बातमी पसरायला एक नळ सुटायचा अवकाश. संध्याकाळपर्यंत काळाचौकीपासून शिवडीपर्यंत सगळ्यांना कळलं की कुशाबा मेल्यावरही ड्युटीवर आहेत.

आणि जिथे असा वास सुटतो तिथे तुळशीदास पोचतो. हा तुळशीदास पूर्वी शीवला हॉस्पिटलच्या फाटकापाशी केस उगवायचं तेल विकत असे. स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचा, "मी त्याग केलाय." आता तो भगवी लुंगी नेसून तुळशीदास बुवा झाला होता. सोबत त्याचा मेव्हणा रघू. रघूचं पूर्वी सायबर कॅफे होतं, ते बंद पडलं, आणि हल्ली तो बुवाचा पट्टशिष्य म्हणून मिरवत होता.

बुवाने सर्व्हरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रवचन सुरू केलं.

"सर्व्हर म्हणजे काय? सर्व्ह करणारा. सेवा करणारा. गिरणगावात सेवा कुणी केली? कुशाबांनी! मग त्यांचा आत्मा जाईल कुठे? फ्रिजमध्ये? नाही. सर्व्हरमध्ये! या तारा नाहीत, या नाड्या आहेत. यातून प्राण वाहतो."

शिवाने भाबडेपणाने विचारलं, "आणि बुवा, लाइट गेली की?"

"समाधी," बुवा म्हणाला.

मी मोठ्याने हसले. पण हसणारी मी एकटीच होते. मंडळाच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की हे थोतांड आहे, तर सगळे हिरमुसले. त्यांना कुशाबा हवे होते. तसे ते मलाही हवे होते, म्हणून तर माझा इतका संताप होत होता. मतं घेतली तेव्हा विरोधात माझा एकटीचाच हात वर होता.

मग बुवाने कौल सुरू केला. कोकणातल्या आमच्या गावांत देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. बुवाने तीच रीत सर्व्हरला लावली. लग्न ठरवायचं असेल तर दोन्ही घरांनी यायचं, नारळ-कोंबडा ठेवायचा. बुवा टेबलावर घंटा ठेवून गाऱ्हाणं घालणार आणि शिवा फाइल उघडणार. सरळ उघडली तर उजवा कौल. 'कुशाबा वापरत आहेत' अशी पाटी आली तर डावा. रघू त्या वेळी आतल्या खोलीत पडद्याआड कुशाबांच्या फोटोपुढे धूप घालत बसायचा. कोंबडे नंतर तोच "देवस्थानाला पोचवायला" न्यायचा. बुवा शाकाहारी होता, पण बुधवारी त्याच्या लुंगीला मसाल्याचा वास यायचा.

इथवर सगळी गंमतच होती, आणि मी नाक मुरडून गप्प बसले असते. पण त्या मंगळवारी रांगेत राधा उभी होती.

राधा परळची. बाप गिरणीतून सुटला तो पुन्हा कुठे चिकटला नाही, त्यामुळे घर हिनेच ओढलं. फोर्टात एका विमा एजन्सीच्या ऑफिसात नोकरी करत होती. जगदीश नायगावचा, पाणीखात्यात कायम. दोघांची गाठ मीच घालून दिली होती, कुशाबांच्या पद्धतीने, मी गॅलरीत उभी राहून. चहाचे कप तसेच भरलेले राहिले आणि आतून हसण्याचा आवाज येत राहिला, तेव्हाच मी ओळखलं. पुढे दोघं आपापली भेटायला लागली. दोन्ही घरं तयार होती. फक्त जगदीशची आई सखुबाई म्हणाली, "कुशाबांचो कौल घेवया. त्यांनीच माझा लगीन जमवलेला."

बुवाने गाऱ्हाणं सुरू केलं. त्याची मालवणी उसनी होती, पण आवाज मोठा होता.

"बा कुशाबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गर्दी ओरडली.

"आज ह्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ आणि कोंबो ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी म्हणाली, आणि सखुबाईच्या काखेतला कोंबडाही आरवला.

"ह्या दोगांचा जमत आसात, तर फाइल सरळ उघडून दी रे म्हाराजा! आणि काय वाकडा आसात, तर पाटी दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शिवाने बटण दाबलं. टिंग आवाज करून पाटी आली. कुशाबा फाइल वापरत होते.

"डावा!" बुवाने कपाळावर हात मारला. गर्दीने सुस्कारा सोडला. सखुबाई रडायला लागली. जगदीश एवढा मोठा उंचापुरा गडी, पण आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. बुवाने सखुबाईच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की कुशाबांच्या मनात दुसरी मुलगी आहे, तिचं घर धुपाच्या वासाचं आहे, आणि पुढच्या मंगळवारी तिचा कौल लावू. धुपाच्या वासाचं घर म्हणजे रघूचं, आणि रघूला लग्नाची मुलगी होती, हे कळायला मला दिव्यदृष्टी लागली नाही. पाणीखात्यातला कायम जावई कुणाला नको असतो?

मी राधाकडे बघितलं. तिने हात जोडले नव्हते. ती डोळे बारीक करून ती पाटी वाचत होती.

जिन्यात तिने मला गाठलं. डोळे भरलेले, आणि तरी हसत होती.

"सिस्टर, ही पाटी आमच्या ऑफिसात रोज येते."

"तुमच्या ऑफिसातही कुणी वारलंय?"

"कुणी नाही हो, सगळे धडधाकट आहेत! कुणीतरी आधीच फाइल उघडून बसलेलं असतं, म्हणून येते. 'ही फाइल सावंत वापरत आहेत,' असं आलं की आम्ही ओरडतो, ए सावंता, फाइल बंद कर!"

"पण मग एकाच वेळी दोघांना उघडू का देत नाही?"

"दोघांनी एकदम बदल केले तर? समजा, सकाळी सावंतनेही फाइल उघडली आणि मीही. मी दहा नवी नावं घातली, फाइल सेव्ह करून ठेवली. मग सावंतने त्याची ठेवली. त्याच्याकडे सकाळचीच फाइल ना? ती माझ्या फाइलवर बसली की माझी दहा नावं गेली. म्हणून पहिला जो उघडेल त्याला मशीन कुलूप देतं. दुसऱ्याला सांगतं, थांब, अमका वापरतोय."

मला लगेच पटलं. वॉर्डात एका पेशंटचा केसपेपर दोन नर्सनी दोन वेगळ्या कागदांवर लिहिला, तर शेवटी जो कागद फायलीला लागेल तोच खरा, आणि दुसरीने लिहिलेलं औषध चुकणार. म्हणून केसपेपर एकच, आणि एका वेळी एकीच्याच हातात. इतकी साधी गोष्ट होती, आणि आम्ही तिला कोंबडे वाहत होतो.

"पण नाव कुशाबांचंच का?" मी विचारलं.

"कारण त्यांचं मशीन त्यांच्या नावाने लावलंय. त्या मशीनवर कुणीही बसलं, मांजर बसलं, तरी नाव कुशाबांचंच येणार. आणि सिस्टर, बुवा घंटा कधी वाजवतो ते बघितलंत?"

मी आठवू लागले. तिच्या आधीच्या दोन्ही जोड्यांच्या वेळी गाऱ्हाणं संपताच बुवाने घंटा वाजवली होती, आणि कौल उजवा आला होता. राधाच्या वेळी घंटा टेबलावरच राहिली होती.

"घंटा वाजली की फाइल बंद करायची, नाही वाजली की उघडी ठेवायची," राधा म्हणाली. "आत कोण असतं?"

"रघू. धूप घालतो."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून जिन्यातच हसत सुटलो. मग ती एकदम गंभीर झाली. "मी हे आत्ता सगळ्यांना सांगितलं तर म्हणतील, हिचा कौल डावा आला म्हणून बोलतेय. तुमच्याकडे मंडळाची किल्ली आहे ना? मला पाच मिनिटं आतल्या खोलीत बसू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी, मंडळाचं ऑफिस बंद असताना, मी तिला किल्ली दिली आणि कुशाबांच्या सवयीप्रमाणे गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट होती. रघू नवा शर्ट घालून पडद्याआड गेला. बुवाने गळा साफ केला. तेवढ्यात राधा पुढे आली.

"बुवा, दुसरा कौल लावण्याआधी माझा एकदा परत लावा. गावाला देवही एकदा चुकला तर परत विचारतात."

"कुशाबा चुकत नाहीत, मुली!"

"ता खरा," सखुबाई मध्येच म्हणाली. तिला राधा आवडत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "पण परत इचारूक काय जाता? इचारा बुवांनू."

बुवा मिशीत हसला. त्याला भीती कसली होती? त्याने पुन्हा सगळं गाऱ्हाणं खणखणीत आवाजात घातलं. लोक व्हय म्हाराजा म्हणाले. कोंबडे आरवले. घंटा टेबलावर तशीच होती. शिवाने बटण दाबलं.

टिंग.

शिवा पाटीकडे बघत राहिला. त्याचा तोच शाळेतल्या मुलीचा आवाज निघाला. "सिस्टर... आज कुशाबा नाहीत."

"मग कोण आहे? मोठ्याने वाच," मी म्हणाले.

"ही फाइल... तुळशीदास बुवा वापरत आहेत."

सगळ्यांची तोंडं हळूहळू बुवाकडे वळली. सखुबाई दोन पावलं मागे सरली, छातीशी कोंबडा घट्ट धरला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "बुवांनू, तुमी कदी वारलास?"

"मी... मी कुठे वारलोय?" बुवा स्वतःचं पोट चाचपत म्हणाला.

"पण आत्मा तर सर्व्हरात दिसताहा!"

"खोटं आहे! मशीन बिघडलंय!"

"गेल्या मंगळवारी नव्हतं ते बिघडलेलं?" मी म्हणाले आणि जाऊन पडदा ओढला.

आत रघू कुशाबांच्या खुर्चीत बसला होता. एका हातात धुपाटणं, दुसरा हात माउसवर. त्याच्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमची फाइल आरामात उघडी. बाहेरचा गोंधळ ऐकून तो गडबडला आणि त्याने दुसरं काहीच न सुचून घंटा वाजलेली नसतानाही फाइल बंद केली. तिकडे शिवाने लगेच पुन्हा उघडून बघितली. उघडली.

"गेला!" शिवा ओरडला. आणि मग त्यालाच कळलं की गेलेलं कुणीच नाही, फक्त रघूने फाइल बंद केलीय.

राधाने सगळं समजावून सांगितलं. फाइल आधी उघडणाऱ्याकडे कुलूप असतं. पाटीत येतं ते मशीनला दिलेलं नाव, आणि ते कुणालाही बदलता येतं. तिने ते बुधवारी बदललं होतं. पटत नसेल तर म्हणून तिने रघूला उठवलं, सगळ्यांदेखत सखुबाईचं नाव घातलं आणि तिलाच खुर्चीत बसवलं. बाहेर शिवाने वाचलं, "ही फाइल सखुबाई वापरत आहेत." सखुबाईने दचकून आधी स्वतःला चिमटा काढला, मग तिचा चेहरा उजळला.

"अगो, म्हंजे दोन जावांनी एकाच कालवणात मीठ घालू नये, तसां? एकीन हात घातलो की दुसरीन थांबायचा?"

"अगदी तसंच, आई," राधा म्हणाली.

मग कोपऱ्यातून मीराबाई हळूच बोलल्या. "वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या मशीनवर मीच होते. तो आठवडाभर मी सकाळीच येत होते, आणि माझ्या कॉम्प्युटरचा पडदा अंधुक दिसतो म्हणून तिथे बसत होते. त्या दिवशी शिवा ओरडला तशी फाइल बंद करून धावले."

"अहो, मग बोलला का नाहीत?" मी कपाळाला हात लावला.

"मला वाटलं, कुशाबा माझ्या शेजारी बसून टाइप करतायत," मीराबाई म्हणाल्या. "मी भीतीने बाजूला सरकून बसत होते."

या गडबडीत बुवा जिना उतरून गेला होता. त्याची लुंगी कठड्याच्या खिळ्याला अडकून टर्रकन फाटली, हे खालच्या मजल्यावरून कळलं. रघूला मात्र लोकांनी सोडलं नाही. त्याला घरोघरी जाऊन, ज्यांचे ज्यांचे कोंबडे खाल्ले त्यांना जिवंत कोंबडे आणून द्यायला लावलं. पुढे कित्येक दिवस आमच्या चाळीत पहाटे झोप म्हणून लागली नाही.

पण त्या दुपारी माझं लक्ष राधाकडे होतं. सखुबाईने डोळे पुसले, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "चल, आता कौलाचा नाव नको. लगीन ठरला."

"थांबा," राधा म्हणाली. ती जगदीशसमोर जाऊन उभी राहिली. "गेल्या मंगळवारी खोक्याने नाही म्हटलं, तेव्हा तू बुटांकडे बघत होतास. आज खोका गप्प झाला, तरी तू बुटांकडेच बघतोयस. माझ्याशी लग्न करायचंय का नाही, हे मला आत्मा नको सांगायला, आई नको, सिस्टर नको. तू सांग."

जगदीशचे कान लाल झाले. एवढ्या माणसांपुढे तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. पण त्याने मान वर केली. "मला करायचंय," तो म्हणाला. मग त्याला वाटलं हे कमी पडलं, म्हणून जोरात म्हणाला, "मला तुझ्याशीच करायचंय, राधा. कुणीही काहीही सांगो. हे मी त्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं."

"ठीक आहे," राधा म्हणाली. "आता मी विचार करून सांगते."

आणि पर्स उचलून ती ऑफिसला निघून गेली. जगदीश आ वासून बघत राहिला, आणि सखुबाई इतकी हसली की तिच्या काखेतला कोंबडा सुटून सर्व्हरवर जाऊन बसला.

वाचकहो, मी साधी नर्स. मला कॉम्प्युटरमधलं अजून फार कळत नाही. पण मशीन काही विचित्र वागलं तर ते का वागलं हे विचारायचं असतं, नारळ फोडायचा नसतो, एवढं मला कळतं. गेलेल्या माणसावर प्रेम असेल तर त्याच्यासारखं वागावं, त्याच्या नावाने कुणाला ठकवू देऊ नये. आणि दोन माणसांनी जन्म एकत्र काढायचा की नाही, असा प्रश्न पडलाच, तर ती दोन्ही माणसं जिवंत आहेत, समोर बसलेली आहेत, त्यांना तोंड आहे. त्यांना विचारा.